काजीच्या अंगणातली मांजरे

(न्यासाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत बेळगाव येथे दिलेले भाषण)



सुवर्णमहोत्सवासारख्या मंगल प्रसंगी वक्त्याने मोठ्या विषयावर बोलावे, अशी आपल्याकडे रीत आहे. या व्याख्यानमालेत माझ्या आधी शिक्षणावर, आरोग्यावर आणि सीमाभागातील ग्रंथालयांवर विद्वान वक्ते बोलून गेले. त्यांच्यामागून एक शाळामास्तर उठतो आणि मांजरांवर बोलतो, हे पत्रिकेत वाचून पुष्कळांना हसू आले असेल. हसण्याला माझी हरकत नाही. वाघाच्या या मावशीने मराठी माणसाला नेहमीच हसवले आहे. तिच्या नावाने आपल्या भाषेत जितक्या म्हणी आहेत तितक्या वाघाच्या नावानेही नसतील. परंतु आजच्या विषयाला एक निमित्त आहे आणि ते आपल्या न्यासाच्या घरचेच आहे. म्हणून थोडा वेळ आपले लक्ष मागतो.

वाचनालयामागे आपली जी मोकळी जागा आहे, तेथे आजमितीस वीसबावीस मांजरे राहतात. त्यांतली थोडी तेथे जन्मली. बहुतेक आणून सोडलेली आहेत. कोणी बदली होऊन गाव सोडताना सोडली, कोणी घरात बाळंतीण येणार म्हणून सोडली, कोणी पिल्ले फार झाली म्हणून पोत्यात घालून रात्रीच्या अंधारात कुंपणावरून आत टाकली. येथेच का टाकतात, याचे उत्तर सोपे आहे. येथे त्यांना खायला मिळते, हे गावाला ठाऊक झाले आहे. एक निवृत्त पोस्टमन, शिंपीकाम करणारे एक गृहस्थ, दोन गृहिणी आणि आमच्या शाळेतून शिकून गेलेल्या दोन मुली, अशी ही सहा माणसे आळीपाळीने रोज तिन्हीसांजेला तेथे येतात, खाऊ घालतात, पाणी ठेवतात, जागा झाडून निघून जातात. त्यांना कोणी नेमले नाही आणि कोणी पगार दिला नाही.

आता या मांजरांविषयी कार्यकारी मंडळापुढे दोन अर्ज आले आहेत. एक शेजारच्या घरांचा आहे. दुर्गंधी येते, रात्री बोके भांडतात, लहान मुले घाबरतात, तरी ही मांजरे पकडून गावाबाहेर सोडावीत, असे त्यात म्हटले आहे. दुसरा एका उदार गृहस्थांचा आहे. आपल्या मातोश्रींच्या स्मरणार्थ ते बँकेत कायम ठेव ठेवू इच्छितात आणि तिच्या व्याजातून या मांजरांना अक्षय अन्न मिळावे, अशी त्यांची इच्छा आहे. दोन्ही अर्ज मनापासून केलेले आहेत. विश्वस्तांनी कोणता स्वीकारावा, हे सांगण्याचा मला अधिकार नाही. पण असाच प्रश्न फार पूर्वी एका मोठ्या शहरात उभा राहिला होता. त्याचे पुढे काय झाले, ते सांगण्याजोगे आहे.

ते शहर म्हणजे इजिप्तमधील कैरो. सन 1260 पासून 1277 पर्यंत तेथे सुलतान बायबर्स राज्य करीत होता. मोठा लढवय्या; मंगोलांना आणि क्रुसेडरांना त्याने मागे रेटले. शहराच्या उत्तरेला त्याने एक विशाल मशीद बांधली. त्या मशिदीजवळ त्याची एक बाग होती. तिचे उत्पन्न त्याने निराधार मांजरांच्या पोटासाठी वक्फ करून ठेवले. वक्फ म्हणजे आपण ज्याला धर्मादाय न्यास म्हणतो, साधारण तेच. मालमत्ता कायमची बांधून ठेवायची, ती विकायची नाही, आणि तिचे उत्पन्न नेमलेल्या सत्कार्याला लावायचे. लोक त्या बागेला ‘मांजराची बाग’ म्हणू लागले.

यानंतर साडेपाचशे वर्षे गेली. एकोणिसाव्या शतकात एडवर्ड लेन नावाचा इंग्रज विद्वान कैरोमध्ये काही वर्षे राहिला. तेथील लोकांच्या चालीरीतींवर त्याने ग्रंथ लिहिला, तो 1836 साली प्रसिद्ध झाला. त्यात या बागेची हकीकत आहे. बाग आता फार नादुरुस्त झाली, तिच्यातून पीक काढायचे तर फार खर्च येईल, अशी सबब सांगून विश्वस्तांनीच ती विकली. ज्यांनी घेतली त्यांनी पुढे विकली आणि असे पुन्हा पुन्हा झाले. लेनच्या काळी तिच्यापासून मांजरांच्या वाट्याला वर्षाकाठी केवळ पंधरा पियास्टर इतका नाममात्र खंड येत असे. सुलतानाने बांधून दिलेल्या निधीचे असे पाणी झाले.

मग मांजरांचे काय झाले? शहराचा काजी हा पदसिद्ध अधिकाराने सर्व धर्मादायांचा पालक. म्हणून मांजरांच्या पोटाचा भार त्याच्या गळ्यात पडला. काजीच्या न्यायालयाचे मोठे अंगण होते. तेथे रोज अस्रच्या नमाजाच्या सुमारास, म्हणजे दुपार कलल्यावर, मांजरे जमत आणि काजीने त्यांना खायला घालावे, असा रिवाज पडला. लेनच्या काळापर्यंत हे काम फार हेळसांडीने होऊ लागले होते. पूर्वीच्यांनी बाग घालवली आणि नंतरच्या काजीने भोगावे, असा तो प्रकार. आपल्याकडे याला मांजराचे पाय कुत्र्यावर म्हणतात. येथे मात्र विश्वस्तांचे पाय काजीवर!

परंतु या हकीकतीतला शेवटचा तपशील मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. कैरोतील पुष्कळ लोकांना घरातले मांजर नकोसे झाले की ते त्याला उचलून काजीच्या घरी नेत आणि त्या अंगणात सोडून देत. त्यांचे काम झाले. मांजर जगले की मेले, ते काजीने पाहावे!

मित्रहो, हा तपशील ऐकताना आपल्याला वाचनालयामागचे कुंपण आठवले असेल. जेथे दया नेमाने होते, तेथे लोक आपला भार आणून टाकतात. यात लोक दुष्ट असतात असे नाही. उलट, ठार मारण्यापेक्षा किंवा रानात टाकण्यापेक्षा बरे, असाच त्यांचा विचार असतो. पण याचा परिणाम असा होतो की दया करणारी संस्था इतरांना दया करण्यापासून मोकळे करते. पंधरा घरांनी एकेक मांजर सांभाळले असते, तर कोणाला भार झाला नसता. तीच पंधरा एका अंगणात आली की त्यांची समस्या होते.

येथे धर्माची बाजू थोडी पाहू. मी मुसलमान घरात वाढलो. आमच्या घरी मांजराला हाकलू नये, असे आजी सांगत असे. प्रेषितांचे एक आवडते मांजर होते आणि ते अंगरख्याच्या बाहीवर झोपले असता त्याची झोप मोडू नये म्हणून त्यांनी बाहीच कापली, अशी गोष्ट पुष्कळ ठिकाणी सांगतात. गोष्ट गोड आहे. परंतु शिक्षकाने सांगितले पाहिजे की हदीसच्या प्रमाण संग्रहांत ती सापडत नाही. जे सापडते ते साधे आणि अधिक कठोर आहे. प्रेषितांचे एक सहकारी अबू हुरैरा या नावाने प्रसिद्ध होते; या टोपणनावाचा अर्थच ‘मांजराच्या पिल्लाचा बाप’ असा आहे. अबू कतादा नावाच्या दुसऱ्या सहकाऱ्याने हातपाय धुण्याचे पाणी पिण्यासाठी आलेल्या मांजरापुढे भांडे कलते धरले आणि मांजर अपवित्र नाही, ते तुमच्यात वावरणाऱ्यांपैकी आहे, अशा आशयाचे प्रेषितवचन सांगितले. बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आणखी एक कथा आहे. एका स्त्रीने मांजर कोंडून ठेवले आणि त्या पापासाठी तिला नरक मिळाला. तिचा अपराध काय, तर तिने त्याला खायलाही दिले नाही आणि जमिनीवरचे किडेउंदीर पकडून पोट भरण्यासाठी मोकळेही सोडले नाही.

या कथेत दोन वाटा दाखवल्या आहेत: पोस, नाहीतर मोकळे कर. कोणी म्हणेल, मांजर पोत्यात घालून दूर सोडणारा दुसरी वाटच धरतो. परंतु तसे नाही. जे मांजर आपल्या परिसरात स्वतःचे पोट भरू शकते, त्याचे दार उघडणे म्हणजे मोकळे करणे. जे घरच्या ताटलीवर वाढले, ज्याला या गल्लीबाहेरचे जग ठाऊक नाही, त्याला अनोळखी जागी, अनोळखी बोक्यांच्या आणि कुत्र्यांच्या हद्दीत टाकणे म्हणजे पोसणेही नाही आणि मोकळे करणेही नाही. ती कोंडून ठेवण्याचीच दुसरी तऱ्हा. फक्त भिंती दिसत नाहीत. हा विचार एका धर्माचा नाही. रामेश्वराला न्यायची गंगेची कावड एकनाथमहाराजांनी वाटेत तहानलेल्या गाढवाच्या तोंडी रिती केली, ही कथा आपण सर्व जण लहानपणापासून ऐकत आलो. त्या कथेत नाथांनी गाढव उचलून दुसऱ्याच्या दारात नेऊन टाकले, असे नाही.

आपला कायदाही हेच सांगतो. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा केंद्रीय कायदा 1960 साली झाला. त्यासाठी नृत्यकलेतील थोर विदुषी रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत प्रथम खाजगी विधेयक मांडले होते. उपासमारीने किंवा तहानेने हाल होतील अशा स्थितीत प्राण्याला सकारण नसता सोडून देणे, हा त्या कायद्याच्या अकराव्या कलमाप्रमाणे गुन्हा आहे. त्या कायद्यात पहिल्या गुन्ह्याला दंड मात्र दहा ते पन्नास रुपये! पुढे 1976 च्या घटनादुरुस्तीने नागरिकांची मूलभूत कर्तव्ये लिहिली गेली. सजीव प्राण्यांविषयी दयाबुद्धी बाळगणे हे त्यांतील एक आहे. ते कर्तव्य नागरिकाचे म्हणून लिहिले आहे, न्यासाचे म्हणून नव्हे, हे ध्यानात घ्यावे.

मग ही मांजरे गावाबाहेर सोडली तर? शेजाऱ्यांच्या तक्रारीला मी तुच्छ लेखत नाही. घराच्या भिंतीवर रोज बोक्याने घाण केली तर मलाही राग येईल. पण या उपायाने काम होत नाही, असा अनुभव आहे. मांजर आपली जागा ओळखून परत येते, हे आपल्या प्रत्येक खेड्यात ठाऊक आहे. जे परत येत नाही, ते बहुधा मरते. आणि सर्व नेली, तरी जागा रिकामी राहत नाही. जेथे उकिरडा आहे, उंदीर आहेत, आडोसा आहे, तेथे दुसरी मांजरे येतात आणि नव्याने वाढतात. भांडे गळत असता पाणी पुसत बसण्यासारखे ते आहे.

आणि नुसतेच खाऊ घालत राहिले तर? येथे मला गणित मांडू द्या. शिक्षकाची सवय आहे. मांजरी पाचसहा महिन्यांची झाली की वयात येऊ शकते. सुमारे नऊ आठवड्यांत ती विते. पिल्ले अंगावर पीत असतानाच ती पुन्हा गाभण राहू शकते. पोटभर खायला मिळाले तर वर्षात दोन वेत सहज होतात, कधी तीनही. दोनच वेत धरा, दर वेताला चार पिल्ले धरा, म्हणजे आठ. त्यांतली निम्मी मरतात असे धरले तरी चार उरतात. त्यांत दोन माद्या. म्हणजे वर्षाअखेरीस एका मादीच्या तीन माद्या झाल्या. पुढच्या वर्षी नऊ, तिसऱ्या वर्षी सत्तावीस, चौथ्या वर्षी एक्याऐंशी. आणि बोके वेगळेच. हे कागदावरचे गणित आहे. रोग, मोटारी आणि कुत्री यांमुळे प्रत्यक्षात इतकी वाढ होत नाही. पण याचा अर्थ एवढाच की उरलेली पिल्ले हाल होऊन मेली. जो व्याजाच्या पैशाने फक्त अन्न घालील, तो नकळत या मरणांची संख्या वाढवील. कायम ठेव देऊ इच्छिणाऱ्या सद्गृहस्थांना मी हात जोडून हेच सांगेन की ठेवीचे व्याज ठरलेले असते, पण मांजरांची वाढ ठरलेली नसते.

यावर उपाय सापडला आहे आणि तो जगात पुष्कळ ठिकाणी चालू आहे. त्याचे एक प्रसिद्ध उदाहरण रोम शहरातील आहे. शहराच्या मध्यभागी तोर्रे अर्जेंतीना नावाचा चौक आहे. 1920 च्या दशकात तेथे जुनी घरे पाडली जात असता जमिनीखाली चार प्राचीन देवळे सापडली. ज्या सभागृहात इ. स. पूर्व 44 मध्ये ज्युलियस सीझरचा वध झाला, त्याचे अवशेषही तेथेच आहेत. रस्त्याच्या पातळीहून खोल असलेल्या या अवशेषांत मांजरे येऊन राहिली. शहरातले लोकही नकोशी झालेली मांजरे तेथेच आणून सोडू लागले. कैरोचे अंगण पुन्हा रोममध्ये उभे राहिले!

रोममध्ये अशा मांजरांना खाऊ घालणाऱ्या बायकांची परंपरा जुनी आहे. त्यांना इटालियन भाषेत खास नावच आहे, ‘गत्तारा’, म्हणजे मांजरवाली. 1990 च्या दशकाच्या आरंभी तेथे दोन स्त्रिया एका एकट्या पडलेल्या गत्ताराच्या मदतीला गेल्या. नुसते अन्न घालून भागत नाही, हे त्यांच्या लवकरच ध्यानात आले. रस्त्याखालच्या, सरळ उभे राहता येणार नाही अशा भुयारासारख्या जागेत त्यांनी काम सुरू केले. प्रत्येक मांजर पकडायचे, पशुवैद्याकडून त्याचे निर्बीजीकरण करून घ्यायचे, लस टोचायची आणि पुन्हा तेथेच सोडायचे. जी माणसाळलेली आहेत त्यांना घर शोधायचे. आंधळी, लंगडी, म्हातारी ठेवून घ्यायची आणि त्यांचा खर्च दूरदूरच्या लोकांनी थोडाथोडा उचलायचा.

त्यांच्या पाठीशी कायदा होता. इटलीमध्ये 1991 च्या 281 क्रमांकाच्या कायद्याने मोकळेपणी राहणाऱ्या मांजरांना त्रास देण्यास मनाई केली. त्यांचे निर्बीजीकरण करून त्यांना त्यांच्याच समूहात परत सोडावे, असे ठरवले. गंभीर किंवा असाध्य आजार असल्याखेरीज त्यांना मारता येत नाही आणि प्राणिमित्र संस्थांना अशा समूहांची व्यवस्था पाहता येते. तरीही 2012 साली पुरातत्त्व खात्याने अवशेषांच्या रक्षणासाठी ती जागा सोडण्याचा हुकूम काढला, तेव्हा मोठा वाद झाला. दोन्ही बाजू आपापल्या परीने खऱ्या होत्या. देवळे दोन हजार वर्षांची आणि मांजरे जिवंत. अखेर आश्रम टिकला. 2023 साली तो परिसर पर्यटकांसाठी बांधलेल्या वाटेने खुला झाला. आज लोक सीझरच्या वधाची जागा पाहायला येतात आणि खांबांवर ऊन खात बसलेली मांजरे पाहून परततात.

कैरो आणि रोम यांच्यात फरक काय झाला? कैरोला सुलतानाची बाग होती, रोमला भुयार होते. पण कैरोच्या निधीमागे रोज हिशोब पाहणारे, रोज मोजणारे, वाढ रोखणारे कोणी उरले नाही. रोमच्या भुयारात पैसा थोडा होता आणि पाळी लावून येणारी माणसे पुष्कळ होती. आपल्याकडचेही उदाहरण आहे. 1832 साली मुंबईत कुत्री मारण्याच्या सरकारी हुकुमावरून दंगल झाली आणि 1834 साली सर जमशेटजी जीजीभाई व शेठ अमीचंद शहा यांच्या पुढाकाराने भुलेश्वरजवळ पांजरपोळ उभी राहिली. ती आजही आहे. पारशी, जैन, हिंदू व्यापाऱ्यांनी तिचा भार वाटून घेतला, एकट्यावर टाकला नाही, हे तिच्या टिकण्याचे मोठे कारण आहे, असे मला वाटते.

आता आपल्या सहा स्वयंसेवकांच्या कामाविषयी काही व्यवहाराच्या गोष्टी सांगतो. त्या मी त्यांच्याकडून आणि पशुवैद्यांकडून शिकलो आहे.

पहिली गोष्ट दुधाची. मांजर डोळे मिटून दूध पिते, ही म्हण आपण रोज वापरतो. पण मोठ्या मांजरांपैकी पुष्कळांना दुधातली साखर पचत नाही आणि जुलाब होतात. कुंपणापाशी दुधाची वाटी ठेवणाऱ्या सहृदय भगिनींनी त्याऐवजी स्वच्छ पाणी ठेवावे. मांजर हा मांसाहारी प्राणी आहे. त्याच्या डोळ्यांना आणि हृदयाला लागणारे टॉरिन नावाचे द्रव्य मांसमाशांतून मिळते. नुसत्या दूधपोळीवर ते जगत नाही, झुरते. ज्यांच्या घरी मांसाहार चालत नाही त्यांनी संकोच करू नये. जागा झाडणे, हिशोब लिहिणे, दवाखान्यात नेणे ही कामेही तितकीच मोलाची आहेत.

दुसरी गोष्ट औषधाची. माणसाची पॅरासिटामॉलची गोळी मांजराला विष आहे. कणव येऊन कोणी ती देऊ नये. मांजर चावले किंवा त्याने ओरबाडले तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी डॉक्टरांना विचारून रेबीजची लस घ्यावी. हे मुलांना सांगितलेच पाहिजे.

तिसरी गोष्ट खुणेची. निर्बीजीकरण करताना, मांजर गुंगीत असतानाच, त्याच्या एका कानाचे टोक सरळ कापतात. त्या वेळी त्याला वेदना होत नाही आणि पुढे दुरूनच कळते की याचे काम झाले आहे. पुन्हा पकडायला नको. कोणी म्हणेल, कान कापणे ही क्रूरता आहे. पण एकाच मांजराला दोनदा पिंजऱ्यात घालून पोट उघडण्यापेक्षा ती खूण दयेची आहे.

चौथी गोष्ट वहीची. आमच्या शाळेतून गेलेल्या त्या दोन मुलींनी एक वही केली आहे. प्रत्येक मांजराचा रंग, अंदाजे वय, नर की मादी, कधी आले, शस्त्रक्रिया झाली की नाही, हे त्यात लिहिलेले आहे. तिरंगी मांजर बहुधा मादीच असते, हे त्यांनी वहीवरून मला दाखवले. मी ते पुस्तकात वाचले होते, त्यांनी ते मोजून पाहिले. सरकारी दाखल्यासारखी ती वही कोरडी आहे, परंतु तिच्यात एकही मांजर हरवलेले नाही. कैरोच्या बागेला अशी वही लिहिणारे कोणी असते, तर ती विकताना विश्वस्तांचा हात थोडा अडखळला असता.

विश्वस्त मंडळी, आता आपल्यापुढे माझी नम्र सूचना ठेवतो. मांजरे गावाबाहेर टाकू नयेत. कायम अन्नछत्रही घालू नये. देणगीदारांनी देऊ केलेली रक्कम, त्यांची संमती असल्यास, कायम ठेवीऐवजी तीन वर्षांत खर्च करावी आणि ती प्रथम निर्बीजीकरणावर व लसीकरणावर खर्च व्हावी. आधी सर्व माद्या, मग बोके. त्याने रात्रीची भांडणे आणि दुर्गंधीही पुष्कळ कमी होते, म्हणजे शेजाऱ्यांच्या अर्जालाही उत्तर मिळते. खाणे ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागी द्यावे आणि अर्ध्या तासात ताटल्या उचलाव्यात. शेजाऱ्यांपैकी एकाला या व्यवस्थेत सामील करून घ्यावे. ज्याला त्रास होतो त्याचे डोळे हिशोबावर सर्वांत चांगले राहतात. माणसाळलेल्या पिल्लांसाठी घरे शोधावीत. मात्र ती आठ आठवड्यांची होण्याआधी आईपासून तोडू नयेत. आणि मांजर आणून सोडण्यास येथे मनाई आहे, अशी पाटी कुंपणावर लावावी.

नुसत्या पाटीने भागणार नाही, हे मला समजते. म्हणून पाटीखाली आणखी एक ओळ असावी: मांजर सांभाळणे अवघड झाले असल्यास आत येऊन बोला. कारण जो रात्री पोते घेऊन येतो, त्याला लाज असते. म्हणूनच तो रात्री येतो. त्या माणसाला दिवसा बोलता आले तर कदाचित त्याच्या घरच्या मांजरीचे निर्बीजीकरण करून देता येईल आणि मांजरी त्याच्याच घरी राहील. एका घराने आपले मांजर ठेवून घेतले, तर या न्यासाने केलेले ते सर्वांत मोठे पुण्य होईल. त्यासाठी अंगणही लागणार नाही.

बंधुभगिनींनो, आज आपण न्यासाचे सुवर्णवर्ष साजरे करीत आहोत. शिष्यवृत्त्या, दवाखाना, वाचनालय ही सर्व कामे आपण केली आणि त्यांचा अभिमान वाटावा हे योग्यच आहे. परंतु प्रत्येक जुन्या संस्थेला एक धोका असतो. गावाला सवय लागते की गरीब विद्यार्थी आला, पाठवा न्यासाकडे. म्हातारे माणूस एकटे पडले, पाठवा न्यासाकडे. देणगीची पावती घेतली की आपले कर्तव्य संपले, असे आपण मानू लागतो. मग संस्था मोठी होत जाते आणि गाव लहान होत जाते. मांजरांची गोष्ट मी सांगितली ती याचसाठी. मांजर बोलत नाही, तक्रार करीत नाही, सभेला येत नाही. म्हणून आपण त्याच्याशी जसे वागतो त्यात आपली खरी रीत उघडी पडते.

बायबर्सची ती मशीद अजून कैरोमध्ये उभी आहे. मधल्या शतकांत ती कधी फ्रेंच सैन्याचा किल्ला झाली, कधी साबणाचा कारखाना, कधी इंग्रजांचा कत्तलखाना. दीर्घ दुरुस्तीनंतर 2023 साली ती पुन्हा नमाजासाठी उघडली. दगडाला शतके थांबता येते, कोणीतरी येऊन दुरुस्त करीपर्यंत. भुकेल्या जिवाला तेवढे थांबता येत नाही. त्याला आजची तिन्हीसांज गाठायची असते. म्हणून दगडाच्या कामाला निधी पुरतो, जिवाच्या कामाला माणसाची पाळी लागते. आज संध्याकाळी पाळी पोस्टमनकाकांची आहे. पुढच्या आठवड्यात मंगळवार आणि शुक्रवार मोकळे आहेत. ज्यांना जमेल त्यांनी सभा संपल्यावर त्या दोन मुलींच्या वहीत आपले नाव लिहावे.